पटकीच्या साथीतील चव्वेचाळीस मुले : संत डॉन बॉस्को यांच्या शाळेची खरी परीक्षा

दरवर्षी ३१ जानेवारीला आपण संत डॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, लुर्ड्सच्या मातेच्या सणादिवशी जागतिक रुग्णदिन पाळतो. हा रुग्णदिन पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली घोषित केला. पहिला दिवस आपण मुलांचा मानतो, दुसरा आजाऱ्यांचा. पहिल्या दिवशी शाळांतून खेळ, नाटके, मिठाईवाटप होते. दुसऱ्या दिवशी मिस्सामध्ये वृद्धांना व रुग्णांना अभ्यंग केले जाते. या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु डॉन बॉस्को यांचे चरित्र नीट वाचले, तर हे दोन सण एकाच घरातले आहेत हे ध्यानी येते. मुलाला काय शिकवले म्हणजे ते आजाऱ्याच्या खाटेजवळ न घाबरता उभे राहील, हा प्रश्न त्या चरित्रात मध्यवर्ती आहे. आज आम्ही आपल्यापुढे ते चरित्र याच बाजूने ठेवत आहोत.

आईच्या शाळेत

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीच्या उत्तरेकडील पिएडमाँट प्रांतात, कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की या वस्तीत झाला. घर शेतकऱ्याचे आणि गरिबीचे. वडील फ्रान्सिस कामावरून घामाघूम होऊन आले, थंडगार तळघरात शिरले आणि तापाने अंथरुणाला खिळले. काही दिवसांतच, मे १८१७ मध्ये, त्यांचे निधन झाले. जॉन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. आजारपण घरात शिरले की घर कसे कोलमडते, हे त्याला कळण्यापूर्वीच त्याच्या वाट्याला आले होते.

मागे राहिली आई मार्गारिटा. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. मात्र तिच्या घरात एक शाळा रोज भरत असे. कडाक्याच्या हिवाळ्यात दारी आलेला भिकारी कधी विन्मुख जात नसे. त्याला गरम सूप आणि रात्रीचा आसरा मिळे. शेजारपाजारी कोणी अत्यवस्थ झाले, की मध्यरात्रीही लोक तिच्या दारावर थाप मारीत. अशा वेळी ती एखाद्या मुलाला झोपेतून उठवी आणि सोबत नेई. आजारी माणसाची खोली कशी असते, तिथला वास कसा असतो, ओठ कसे ओले करायचे, कण्हणाऱ्या माणसाजवळ गप्प कसे बसायचे, हे त्या मुलांनी आईच्या पदराआडून पाहिले. हा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

त्याचा परिणाम लवकरच दिसू लागला. गुरे राखताना जॉनच्या सोबत एक गरीब गडी मुलगा असे. त्याच्या वाट्याला धन्याकडून काळी, कडक भाकर येई. जॉनजवळ आईने दिलेला पांढरा पाव असे. जॉन त्याच्याशी रोज अदलाबदल करी. काळी भाकर आपल्याला आवडते असे तो सांगे. त्यामुळे देण्याचा मोठेपणाही त्याच्याकडे राहत नसे.

पुढे शिक्षणासाठी या मुलाने फार कष्ट उपसले. सावत्र भावाच्या विरोधामुळे त्याला घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर राबावे लागले. १८३१ साली तो किएरी येथील शाळेत दाखल झाला. तेथे शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानात, मिळेल तेथे काम करून त्याने आपला खर्च भागवला. याच शाळेत त्याने आपल्या सोबत्यांचे एक आनंद मंडळ स्थापन केले. १८३५ साली तो सेमिनरीत गेला आणि ५ जून १८४१ रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूंना आदराने डॉन म्हणतात. म्हणून जगाला ते डॉन बॉस्को या नावाने ठाऊक झाले.

तुरीनच्या रस्त्यांवर

गुरुदीक्षेनंतर ते तुरीन शहरात आले. फादर जोसेफ कफासो हे त्यांचे गुरू व मार्गदर्शक. कफासो तरुण धर्मगुरूंना केवळ ग्रंथ वाचायला लावत नसत, तर त्यांना तुरुंगात आणि गरिबांच्या वस्त्यांत घेऊन जात. तुरुंगात डॉन बॉस्को यांनी बारा ते अठरा वर्षांची मुले पाहिली; किड्यांनी खाल्लेली, उपाशी, बेकार बसलेली. बाहेर पडल्यावर यांना कोणी आपले म्हणणारे असते, तर ही मुले पुन्हा येथे आली नसती, हा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. ८ डिसेंबर १८४१ रोजी बार्थोलोम्यू गारेल्ली या अनाथ गवंडी मुलाशी झालेल्या भेटीपासून त्यांच्या कार्याचा आरंभ मानला जातो.

काही वर्षे ही मुले आणि त्यांचे फादर जागेसाठी वणवण फिरले. १८४६ च्या पुनरुत्थान सणाला त्यांना व्हाल्डोको भागात पिनार्दी नावाच्या घराची शेड मिळाली. या परिसराचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. संत जोसेफ कोत्तोलेंगो यांनी उभारलेले, ज्यांना कोणीही ठेवून घेत नाही अशा रुग्णांचे व अपंगांचे विशाल घर येथेच होते. म्हणजे डॉन बॉस्को यांची मुले जिथे खेळत, तिथून हाकेच्या अंतरावर शहरातील सर्वांत दुःखी माणसे राहत होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये अतिश्रमाने डॉन बॉस्को कोसळले. फुप्फुसांचा विकार बळावला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. तेव्हा ही रस्त्यावरची मुले मरियामातेच्या मंदिरात पाळीपाळीने रात्रंदिवस प्रार्थना करू लागली. विटा वाहणारी, दिवसभर उन्हात घाम गाळणारी ही मुले. त्यांतील काहींनी पाणीही न पिता उपवास केले, काहींनी आयुष्यभर पाळायचे कठोर नवस बोलले. फादर बरे झाले. काठी टेकत ते मुलांमध्ये आले आणि सर्वप्रथम त्यांनी काय केले असेल, तर प्रत्येकाला जवळ बोलावून त्याचा नवस विचारला आणि जे अशक्य किंवा प्रकृतीला अपायकारक होते ते बदलून झेपेल असे काही नेमून दिले. मुलांचे प्रेम त्यांनी स्वीकारले. पण त्या प्रेमापायी मुलांचे शरीर झिजावे हे त्यांना मान्य नव्हते.

नोव्हेंबर १८४६ मध्ये आई मार्गारिटा आपले गावचे घर सोडून मुलासोबत राहायला आली. पुढील दहा वर्षे, १८५६ साली मृत्यू येईपर्यंत, ती या मुलांची आई झाली. फाटलेले कपडे शिवणे, सूप रांधणे, तापलेल्या कपाळावर हात ठेवणे हे तिचे काम. बेक्कीची ती निरक्षर आईची शाळा आता तुरीनमध्ये भरू लागली होती. हळूहळू तेथे वसतिगृह झाले आणि १८५३ साली चांभारकाम व शिवणकामाचे वर्ग सुरू झाले.

२६ जानेवारी १८५४ रोजी रात्री डॉन बॉस्को यांनी चार तरुणांना आपल्या खोलीत बोलावले. त्यांत मायकल रुआ आणि जॉन कालिएरो हे होते. शेजाऱ्यावरील प्रेमाचा प्रत्यक्ष सराव आपण काही काळ करून पाहावा, पुढे जमल्यास तसे वचन देवाला द्यावे, अशी सूचना त्यांनी मांडली. प्रेमाचा सराव हे शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. जसे पाढे सरावाने येतात, करवत सरावाने चालते, तशी दयाही सरावाने येते, असा त्यामागचा विश्वास होता. या सरावाची परीक्षा सहा महिन्यांतच येणार होती, याची त्या खोलीत कोणालाच कल्पना नव्हती.

पटकी

जुलै १८५४ च्या अखेरीस तुरीनमध्ये पटकी, म्हणजे कॉलरा, शिरला. व्हाल्डोकोच्या लगतच्या दाट, गरीब वस्तीवर तिचा सर्वांत मोठा घाला पडला. नोव्हेंबरपर्यंत शहरात सुमारे अडीच हजार लोकांना लागण झाली आणि सुमारे चौदाशे मरण पावले.

आज आपल्याला माहीत आहे की, पटकीचे जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातात आणि शरीरातले पाणी व क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे रुग्ण दगावतो. त्या काळी हे कोणाला ठाऊक नव्हते. योगायोग असा की, त्याच १८५४ साली फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकातून हे जंतू पाहिले आणि लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. पण या शोधांकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख यांनी आपल्या कोलकात्यात या जंतूवरील संशोधन पूर्ण केले ते १८८४ मध्ये. तुरीनचे लोक तर दूषित हवेला दोष देत होते. डॉक्टर रुग्णांना विषारी पाणी पाजून संपवतात, अशी अफवाही पसरली होती. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. नात्यातली माणसे रुग्णाला टाकून पळाली. सरकारने साथीचे दवाखाने उघडले. पण तेथे सेवेला माणसे मिळेनात, पैसे देऊनही मिळेनात.

या पार्श्वभूमीवर डॉन बॉस्को यांनी काय केले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. आधी त्यांनी स्वतःचे घर सांभाळले. खोल्या साफ करवल्या, चुना फासला, खाटांमधील अंतर वाढवले, जादा चादरी व कपडे मिळवले. त्यानंतर ते वेदीसमोर गेले आणि देवाला कोणाला न्यायचेच असेल तर मेंढपाळाला न्यावे, कोकरांना राखावे, अशी प्रार्थना केली. ते स्वतः रुग्णांकडे जाऊ लागले. आणि मग ५ ऑगस्टला, हिममातेच्या सणादिवशी, त्यांनी मुलांना एकत्र बोलावून सगळी परिस्थिती सांगितली. रुग्णसेवेला माणसे नाहीत, आपण जाऊ शकतो, पण मी कोणावर सक्ती करणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जे जातील त्यांनी देवाच्या कृपेत राहावे आणि मरियामातेवर विश्वास ठेवावा, एवढी अट त्यांनी घातली.

चौदा मुले ताबडतोब पुढे आली. थोड्याच दिवसांत आणखी तीस. एकूण चव्वेचाळीस.

त्यांचे तीन गट पाडण्यात आले. मोठी मुले दवाखान्यांत व घरोघरी रुग्णांजवळ राहत. दुसरा गट गल्लीबोळांतून फिरून बेवारस पडलेले रुग्ण शोधून काढी. तिसरा गट घरी थांबून हाक येताच धावे. प्रत्येकाजवळ व्हिनेगरची एक बाटली असे. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर हात धुवायचे, असा दंडक होता. आंबटपणा पटकीच्या जंतूला सोसत नाही, हे विज्ञानाने पुढे सांगितले. डॉन बॉस्को यांना ते कारण ठाऊक नव्हते, पण हात धुण्याचा नियम त्यांनी देवावरील विश्वासाइतकाच गंभीरपणे घेतला. गळ्यात मरियामातेचे पदक आणि खिशात व्हिनेगरची बाटली, असे हे विद्यार्थी होते. प्रार्थना केली म्हणजे हात धुवायला नकोत, असे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आणि हात धुतले म्हणजे प्रार्थना नको, असेही नाही.

रुग्णांना पांघरायलाही काही नसे. मुले धावत आई मार्गारिटाकडे येत. तिने घरातल्या चादरी दिल्या, टेबलावरचे कापड दिले, आणि ते संपले तेव्हा वेदीवरील वस्त्रेही दिली. ज्या वस्त्रांवर ख्रिस्तशरीर ठेवले जाई, ती आता ख्रिस्ताच्या दुखणाईत भावंडांवर पांघरली गेली. आम्ही धर्मगुरू म्हणून वेदीवस्त्रांची निगा राखायला शिकलो. त्या वस्त्रांचा याहून पवित्र उपयोग आमच्या तरी वाचनात नाही.

नोव्हेंबरअखेर साथ ओसरली. चव्वेचाळीसपैकी एकालाही पटकी झाली नाही. ८ डिसेंबर १८५४ रोजी रोममध्ये पोप नववे पायस यांनी मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचे तत्त्व घोषित केले, त्याच दिवशी व्हाल्डोकोत या मुलांनी देवाचे आभार मानले.

एक अवघड प्रश्न

ही कथा आम्ही अनेकदा प्रवचनात सांगितली आहे. परंतु सांगताना एक प्रश्न आम्हाला नेहमी टोचतो, आणि तो वाचकांपासून लपवणे बरे नाही. दुसऱ्यांच्या लेकरांना मृत्यूच्या दारात पाठवण्याचा अधिकार डॉन बॉस्को यांना होता काय? त्याच वर्षी सोळा वर्षांचा कालिएरो तापाने मरणाच्या दारी जाऊन परतला. एखादा मुलगा दगावला असता, तर आज आपण या घटनेकडे कसे पाहिले असते?

आम्हाला असे वाटते की, आजच्या शाळेने आपल्या मुलांना साथीच्या वॉर्डात पाठवू नये. मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी आज आपण अधिक नीट ओळखतो आणि प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर आज आहेत. १८५४ च्या त्या वस्तीत कोणीच नव्हते. पण डॉन बॉस्को यांनी सक्ती केली नाही, धोका लपवला नाही, त्या काळी ठाऊक असलेली सर्व काळजी घेतली आणि सर्वांच्या पुढे ते स्वतः राहिले, हेही विसरता येत नाही. त्यांनी मुलांना जे दिले ते धाडस नव्हते. रोजच्या जगण्यातून आलेली एक सवय होती; धाडस त्या सवयीतून आपोआप निघाले.

आणि स्वतःच्या शरीराची हेळसांड करणे म्हणजे पुण्य, असेही त्यांनी कधी शिकवले नाही. २९ ऑक्टोबर १८५४ रोजी दोमिनिक साव्हियो हा मुलगा त्यांच्याकडे आला. पुढे संत झालेला हा विद्यार्थी नाजूक प्रकृतीचा होता. देहदंडाच्या ओढीने त्याने थंडीत पुरेसे पांघरूण न घेता झोपण्यास सुरुवात केली. डॉन बॉस्को यांना हे कळताच त्यांनी ते बंद करवले आणि असे देहदंड परवानगीशिवाय करण्यास मनाई केली. आजार व थंडी-ऊन आनंदाने सोसणे, आज्ञापालन करणे हाच त्याच्यासाठी खरा तप आहे, असे त्याला समजावले. दोमिनिकने मग आपली शक्ती दुसरीकडे वळवली. सोबत्यांचे बूट पुसणे, आजारी मुलांची शुश्रूषा करणे यांत तो रमला. त्याची प्रकृती ढासळली, तेव्हा हवापालटासाठी त्याला घरी पाठवण्यात आले. तेथे त्या काळच्या रीतीप्रमाणे वैद्याने त्याचे वारंवार रक्त काढले. ९ मार्च १८५७ रोजी, पंधराव्या वाढदिवसापूर्वीच, तो देवाघरी गेला.

बी आणि पीक

१८५९ साली डॉन बॉस्को यांनी आपल्या विद्यार्थ्यांतूनच सालेशियन संघाची स्थापना केली. साथीच्या वेळी सतरा वर्षांचा असलेला मायकल रुआ त्यांचा पहिला वारसदार झाला. कालिएरो १८७५ साली पहिल्या मिशनरी तुकडीसह अर्जेंटिनाला गेला आणि पुढे बिशप व कार्डिनल झाला. १८७२ साली, पुन्हा ५ ऑगस्टलाच, मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह भगिनींचा संघ स्थापन झाला. या मारियानेही १८६० साली तापाने आजारी पडलेल्या नातेवाइकांची सेवा करताना तो ताप अंगावर ओढवून घेतला होता. ती वाचली, पण शेतकामाची ताकद गेली. म्हणून तिने हाती सुई घेतली आणि गावच्या मुलींना शिवण शिकवता शिकवता शाळाच उभी केली.

याच अर्जेंटिनात व्हिएद्मा येथे आर्तेमिदे झात्ती या सालेशियन बंधूंनी आयुष्यभर रुग्णालय चालवले. क्षयरोगी धर्मगुरूची सेवा करताना त्यांना स्वतःला क्षय जडला होता. बरे झाल्यावर सायकलवरून घरोघरी जाऊन त्यांनी १९५१ पर्यंत गरिबांची सेवा केली. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आपल्या देशात सालेशियन १९०६ साली तंजावरला आले आणि १९२८ साली मुंबईला. आपल्यापैकी किती जणांनी त्यांच्या शाळांत धडे गिरवले, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

१८७७ साली डॉन बॉस्को यांनी आपली शिक्षणपद्धती लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधार. शिक्षा करून सुधारण्यापेक्षा मुलासोबत राहून त्याला चुकीपासून आधीच वाचवावे, हे तिचे सूत्र. आरोग्यालाही हेच लागू पडते, असे आम्हाला वाटते. हात धुण्याचा नियम फळ्यावर लिहिल्याने अंगवळणी पडत नाही. जो आपल्यावर प्रेम करतो तो रोज हात धुताना दिसला, की पडतो. दयेचा धडा परीक्षेत लिहिता येतो. पण दया यायची तर दयाळू माणसासोबत रुग्णाच्या घरी जावे लागते.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा आपणही तुरीन पाहिले. अफवा त्याच होत्या, भीती तीच होती. लागण झालेल्या घराकडे पाहणेही लोक टाळत होते. आणि त्याच वेळी अनेक ठिकाणी तरुण मुलेमुली मुखपट्टी बांधून, अंतर राखून, दाराशी जेवणाचे डबे ठेवून जात होती. त्या मुलांना हे कोणी शिकवले, याचा आम्ही विचार करतो तेव्हा कोणत्याही विषयाचे पुस्तक डोळ्यांसमोर येत नाही. कोणाची तरी आई, आजी किंवा एखादे शिक्षक डोळ्यांसमोर येतात.

शेवटी एक आठवण. साथ ओसरत असताना डॉन बॉस्को निराधार झालेल्या मुलांना भेटायला गेले आणि त्यांतली वीसएक मुले त्यांनी आपल्या घरी आणली. त्यांत तेरा वर्षांचा पिएत्रो एन्रिया होता. तो तेथेच वाढला, शिकला आणि पुढे सालेशियन बंधू झाला. १८७१ च्या अखेरीस डॉन बॉस्को वाराझ्झे येथे गंभीर आजारी पडले, तेव्हा रात्री जागून त्यांची शुश्रूषा करणारा एन्रियाच होता. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को यांनी प्राण सोडला, त्याआधीच्या शेवटच्या आजारपणातही हाच माणूस त्यांच्या अंथरुणाजवळ होता. पटकीने पोरक्या केलेल्या मुलाला ज्याने उचलून घेतले, त्याला शेवटी उचलून बसवणारे हात त्याच मुलाचे होते. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थान सणाला, पोप अकरावे पायस यांनी डॉन बॉस्को यांना संत घोषित केले.

या सणापासून रुग्णदिनापर्यंत अकरा दिवस आहेत. या दिवसांत आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक पालकाने एकदा तरी आपल्या मुलाला सोबत घेऊन एखाद्या वृद्ध वा आजारी शेजाऱ्याच्या घरी जावे, अशी आमची नम्र विनंती आहे. घरी परतल्यावर हात धुवावेत, मुलालाही धुवायला लावावेत. अभ्यासाचा अर्धा तास बुडेल; पण तो बुडाला असे आम्ही म्हणणार नाही.

संत डॉन बॉस्को, आम्हांसाठी विनंती कर.